हवेतले दोन तास

"अगं, दोन तासांचं तर विमान! सकाळी काय नि संध्याकाळी काय?" दोनातेल्लाबाई फोनवर म्हणाल्या. "मी दुपारी येते आईपाशी, मग निघ तू."

आउरिकाने फोन ठेवला आणि त्यांच्या आईला, एर्सीलियाआजींना, सूपचा पुढचा चमचा भरवला. नव्वदीच्या बाईला एकटं टाकून जाता येतं थोडंच! इटलीतल्या बेर्गामोच्या या घरात कामाला राहून आजींचं सगळं ती चौदा वर्षं करत आली होती. आणि तिची सख्खी आई तिकडे रोमानियात, सुचावाजवळच्या खेड्यात, शेवटच्या घटका मोजत होती. तेराशे किलोमीटर, दोन तास. इतकं जवळ, म्हणूनच बहुधा जाणं राहून जायचं. कधीही जाता येईल, घाई काय आहे!

तेवढ्यात धाकट्या भावाचा, कोस्तेलचा, फोन आला.

"ताई, पाद्रीबाबा येऊन गेले. मेणबत्ती तयार आहे. पण आई कुणाला हात धरू देत नाहीये. आउरिकाच धरेल म्हणते."

मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती हवी आणि तो हात आपल्या माणसाने धरायला हवा. नाहीतर जीव पलीकडच्या अंधारात चाचपडत राहतो, हे त्यांच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"संध्याकाळी पोचते. दम धर म्हणावं तिला."

"तू आणि तुझे दोन तास! सांगतो."

दोनातेल्लाबाई आल्या, पण उशिराच. विमान तेवढं कसंबसं मिळालं. आउरिका पट्टा बांधून बसून राहिली. रडू येईना, प्रार्थना आठवेना, आईचा चेहराही नीट डोळ्यांपुढे येईना. विमान टेकलं तशा लोकांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. मग फोन सुरू केला.

"गेली गं," कोस्तेल म्हणाला.

"मेणबत्ती?"

"इलिंकाकाकूंनी धरली. रागावू नकोस, ताई. आईला दिसत नव्हतं काही. मी सांगून टाकलं, आउरिका आली म्हणून."

"बरं केलंस," ती म्हणाली.

घरी आईला मधल्या खोलीत निजवलं होतं. शेजारच्या इलिंकाकाकू उशाशी बसल्या होत्या. त्यांनी सरकून तिला जागा दिली.

"काकू, तिनं हात धरू दिला?"

"दिला की. घट्ट धरून ठेवलान माझा. सोडीचना."

"काही बोलली?"

काकू घुटमळल्या. "'हात किती गार गं तुझे,' म्हणाली. 'विमानात गारठलीस वाटतं.'"

आउरिका आईकडे बघत राहिली.

"हो ना," ती आईला म्हणाली, "फार गारठा होता गं विमानात."