मागचा डावा

"आता?" टीव्हीच्या मागे कमरेपर्यंत शिरलेल्या त्यानं विचारलं, आणि कुठेतरी टिंग वाजलं.

"वाजलं," ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या एका हातात ठकूचं ओलं लाळेरं होतं, दुसऱ्या हातात दुधाची बाटली, आणि आत गॅसवर पाणी उकळत होतं.

"कुठून वाजलं?"

"घरातून."

कोचावर पाय वर घेऊन बसलेल्या सासूबाई हसल्या. "अरे, सिनेमा बघायचाय की विमान उडवायचंय तुला? दोन कानांना सहा स्पीकर कशाला लागतात?"

एरवी आईला त्यानं सोडलं नसतं. आज तो नुसता बाहेर आला, केसांवरची धूळ झटकली आणि सतरंजीवर बसलेल्या ठकूकडे बघत म्हणाला, "मागचे दोन उलटे लागलेत. डावा उजवीकडून वाजतोय."

मग पुन्हा आत शिरला.

सुटे भाग आणून त्यानं हौसेनं टीव्हीसाठी कॉम्प्युटर जुळवला होता. पुढे तीन स्पीकर, कोचाच्या मागे दोन, टेबलाखाली धडधडणारा एक मोठा खोका. सुरुवातीला सगळा आवाज पुढच्या दोघांतूनच यायचा. ते त्यानं पहिल्याच संध्याकाळी शोधून काढलं. सेटिंगमध्ये दोनच स्पीकर निवडलेले होते, ते बदलल्यावर सिनेमातला पाऊस मागूनही पडायला लागला आणि तो लहान मुलासारखा खूश झाला. आणि मग दुसऱ्या दिवसापासून हे सुरू. कामावरून आला की कपडेही न बदलता टीव्हीच्या मागे. पिना काढ, पिना घाल, डावा स्पीकर उजवीकडे ने, परत आण. घरभर वायरी, त्यांच्यावर ठकूचा डोळा. घरात चालताना पाय कुठे ठेवावा कळेना.

तिच्या चिडण्याचं कारण मात्र वायरी नव्हत्या. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते सांगायला त्याचं अख्खं तोंड समोर हवं होतं. ती मनाची तयारी करून जवळ जायची, तेवढ्यात तो विचारायचा, "आता?"

डावीकडून हाक मारली की ठकू उजवीकडे बघायची. एवढंच.

पहिल्यांदा तीही हसली होती. सासूबाई तर म्हणाल्याच, "चकवते गं तुला. लबाड आहे, बापावर गेलीय." मग ती एकटी असताना ठकूच्या डाव्या बाजूला, पाठीमागून, चमचा वाटीवर वाजवून बघायला लागली. कागद चुरगाळला. किल्ल्या हलवल्या. दर वेळी ठकू पटकन मान वळवायची, अगदी उत्सुकतेनं, आणि उजवीकडे शोधत राहायची. तिकडे खिडकी आहे, म्हणून असेल. तिनं पडदा ओढला. मग तिनं वाजवून बघणंच सोडलं, पण हात स्वस्थ बसेनात. घडी घातलेले लंगोट मोडून ती पुन्हा घड्या घालत बसायची.

"वायरच खराब असणार," तो कपडे झटकत उठला. "नवी घेऊन येतो."

"थांब, मीही येते," सासूबाई चपला शोधत म्हणाल्या. "तुझ्या टिंगटिंगीनं डोकं उठलंय."

दार लागलं. ठकूनं त्या आवाजाकडे बघितलं नाही, कारण ती सतरंजीचा कोपरा खाण्यात गुंग होती. तो ठकूच्या तोंडातून काढताना तिला जमिनीवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या दिसल्या. सतरंजीच्या चारही कोपऱ्यांशी एकेक. म्हणजे सतरंजी हलली तर परत तिथेच ठेवता यावी.

असेल, स्पीकरचं मोजमाप असेल.

स्क्रीनवर एक चित्र उघडंच होतं. मध्ये खुर्ची, भोवती सहा स्पीकर. तिनं माउस उचलला. आज याचा सोक्षमोक्ष लावायचाच, मग तो आला की त्याला समोर बसवायचं आणि सांगून टाकायचं.

पुढच्या डाव्यावर टिचकी मारली. टिंग, पुढून डावीकडून. मधला, बरोबर. पुढचा उजवा, बरोबर. मागचा उजवा, तिच्या पाठीमागून उजवीकडून, स्वच्छ. मागचा डावा.

टिंग.

डावीकडून आला. अगदी डावीकडून, जिथून यायला हवा तिथूनच. तिनं पुन्हा वाजवला. उठून कोचाच्या मागे गेली, स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला, हात लांब करून कोचावरच्या माउसवर पुन्हा टिचकी मारली. जाळी हाताखाली थरथरली. काहीच उलटं नव्हतं.

तिनं समोर बघितलं. चित्रातल्या खुर्चीच्या जागी, खोलीच्या बरोबर मध्ये, ठकू बसली होती. तिनं मान वळवली होती. उजवीकडे. रिकाम्या भिंतीकडे बघून ती ओळखीचं हसत होती.

किल्ली फिरल्याचं तिला ऐकू आलं, पण ती हलली नाही. तो एकटाच आत आला. हातात वायरीचं पाकीट होतं.

"आई खाली शेजारणीशी बोलत बसलीय," तो म्हणाला. मग त्याला तिचा जाळीवरचा हात दिसला.

"हा नीट वाजतोय," ती म्हणाली.

तो चपला काढत राहिला. एक काढली, दुसरीचा पट्टा सुटेना.

"कधीपासून वाजतोय?"

"पहिल्या संध्याकाळपासूनच," तो खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, स्पीकर बदलून बघू. पिना बदलून बघू. म्हटलं, वायर तरी..."

ती कोचामागून आली, सतरंजीवर ठकूच्या डाव्या अंगाला बसली आणि तिला उचलून मांडीवर घेतलं. ठकूनं तिच्या गळ्यातली साखळी धरली.

"मी चमचा वाजवत होते," ती म्हणाली. "तू नसताना."

तो तिच्याजवळ येऊन वायरींच्या गुंत्यातच बसला. ठकूनं साखळी सोडून त्याच्या हातातलं पाकीट ओढलं, तसं त्यानं ते हळूच सोडवून घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"फोडलं नाहीये अजून," तो म्हणाला. "परत घेतील."

"घेतील. उद्या हिला डॉक्टरांकडे नेताना वाटेत देऊ."