आवाजावर भाजलेला पॅटी मेल्ट

इराचा पोहताना लावायचा नाकाचा चिमटा मी पर्समधून काढून कॅफेच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तिने मेनूकार्ड तोंडासमोर धरलं.

"ताई, प्लीज. माझ्या शाळेतलं कोणी आलं तर?"

"तर सांग, ताई प्रयोग करतेय."

"दॅट्स वर्स, लाह." इथल्या मुलांसारखं तिच्याही इंग्रजी वाक्याच्या शेवटी हे 'लाह' लागतंच.

समोर दोन बशा होत्या. एकीत बर्गर, दुसरीत पॅटी मेल्ट. पॅटी मेल्ट मी आदल्या आठवड्यात याच कॅफेत पहिल्यांदा खाल्ला होता आणि तेव्हापासून डोक्यात एक कल्पना घोळत होती. आत पॅटी बर्गरचीच, कोकराच्या खिम्याची. चीजही तेच. फक्त गोल बनऐवजी राय ब्रेडचे, म्हणजे राय धान्याच्या काळसर पावाचे, दोन काप, मध्ये मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा, आणि मग सगळं एकत्र तव्यावर लोण्यात भाजलेलं. साहित्य जवळपास सारखं, मांडणी वेगळी. प्रयोगाला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नव्हती.

मी नाकाला चिमटा लावला आणि आधी बर्गर खाल्ला. मऊ, कोमट, थोडासा खारट. लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. जाळीवरच्या धुराचा खमंगपणा, मोहरीचा ठसका, टोमॅटोचा ताजेपणा, सगळं गायब. ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटलं.

मग पॅटी मेल्ट. ब्रेडचा पापुद्रा मोडला तो आवाज जबड्याच्या हाडातून थेट कानात गेला. त्यामागून कांद्याचा गोडवा, चीजचा खारटपणा, मांसाचा रस, आणि वितळलेलं चीज गरम असल्याने जिभेवर पसरणारी ऊब. वास शून्य, तरी मला आणखी एक घास हवा होता. मी चिमट्यासकट हसले आणि तोंडातून विचित्र आवाज आला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

"इरा," मी चिमटा काढून म्हटलं, "तुझ्या बाबांना हे चालेल."

इराने मेनूकार्ड खाली ठेवलं. आता तिला लाज वाटत नव्हती.

तिचे बाबा म्हणजे माझा शामकांतमामा. आयुष्यभर जहाजांवर चीफ इंजिनियर होता, आता हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात बसतो. पुण्याहून रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून मी इथे परदेशात प्रयोगशाळेत नोकरीला आले, तेव्हापासून बेडोकला त्याच्याच फ्लॅटमध्ये राहते. मार्चमध्ये त्याला साधी सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा नाही, सांगता येत नाही.

आमच्या घरात याच्यावर एकच उपाय झाला. प्रेमामामी मालवणची. चव लागत नाही म्हणजे मसाला कमी पडतोय, हे तिचं निदान. आधी मसाला दुप्पट झाला, मग वरून फोडण्या, मग लसणाची चटणी. आम्ही बाकीचे डोळे पुसत जेवायचो. मामा शांतपणे म्हणायचा, "तिखट आहे." बस, एवढंच. मी मामीला समजावलं होतं की मसाल्याचं बहुतेक काम नाकातच होतं. जीभ फक्त खारट, गोड, आंबट, कडू आणि मांसासारखी रसदार चव ओळखते. मामी म्हणाली, "म्हणजे काय, मी त्यांना साखर-मीठ वाढू?"

पण खरी अडचण जेवणाची नव्हती. दर वर्षी जहाजावरच्या जुन्या मंडळींचा पासिर रिसच्या पार्कात बार्बेक्यू असतो आणि शेगडीवर मामा उभा असतो. बर्गर त्याचे. यंदा त्याने त्याच मंडळींतल्या प्रकाशकाकांना फोन करून सांगून टाकलं, तू कर. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "ज्याला करपल्याचा वास येत नाही, त्याने आगीजवळ उभं राहू नये. इंजिनरूममध्ये असा माणूस मीच ठेवला नसता." घरातही रविवारची मटणाची हंडी तो करायचा, तीही त्याने सोडली. अख्ख्या घरात तो आता स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच यायचा. मला तो पुन्हा शेगडीसमोर उभा राहिलेला बघायचा होता, आणि बार्बेक्यू येत्या रविवारी होता.

कॅफेतून आम्ही थेट बाजारात गेलो. खिमा, चीज, लोणी, राय ब्रेड. घरी आल्यावर मी मामीचा घावनांचा बिडाचा तवा मागितला. तो तवा ती कोणाला देत नाही.

"मटण? माझ्या तव्यावर?"

"मामी, विज्ञानासाठी."

"विज्ञानाने नंतर तवा घासायचा," ती म्हणाली आणि तवा दिला.

कांद्याला मी भरपूर वेळ दिला. बारीक आचेवर, ढवळत, आधी पारदर्शक, मग सोनेरी, मग गुळासारखा रंग येईपर्यंत. पॅट्या वेगळ्या भाजून घेतल्या. मग ब्रेड, चीज, कांदा, पॅटी, पुन्हा चीज, पुन्हा ब्रेड असं रचून पहिला तव्यावर ठेवला आणि उत्साहाच्या भरात आच वाढवली. लोणी चुरचुरायला लागलं. मी इराला पापुद्र्याबद्दल सांगत सुटले, की ब्रेडमधलं पाणी आधी वाफ होऊन जातं, आणि पाणी आहे तोवर तो भाग फार तापत नाही, म्हणून...

"तन्वी, तवा उतरव. करपतोय."

हॉलमधून मामाचा आवाज. तो पेपर वाचत होता.

मी उलथून पाहिलं. खालचा ब्रेड काळा, वरचं चीज अजून थंड. इराने नाक वर करून हवेत वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हॉलच्या दारात गेले.

"मामा, तुला वास आला?"

"नाही." त्याने पेपर खाली केला. "आवाज थांबला. चुरचुर चालू होती, ती बंद पडली. पाणी संपलं की पुढे जळणारच ना. तूच तर तिला सांगत होतीस."

मला हे सुचलंच नव्हतं. मी नाकाऐवजी जीभ शोधत बसले होते आणि हा माणूस तीस वर्षं इंजिनं ऐकत आला होता.

"मग पुढचा तू ऐक," मी म्हटलं. "इथून नाही. तव्याजवळून."

तो उंबऱ्यावर थांबला. मामीने आपल्या हातातलं उलथणं ओट्यावर त्याच्या बाजूला ठेवलं. मग तो आत आला. आच कमी केली, दुसरा पॅटी मेल्ट तव्यावर ठेवला, वर घावनांवर ठेवायचं झाकण दाबून धरलं आणि मान तिरकी करून ऐकू लागला. आम्ही तिघी श्वास रोखून उभ्या. मला तर फक्त चुरचुर ऐकू येत होती. त्याला तीत काय काय ऐकू येत होतं देव जाणे. चुरचुर बारीक होत आली, बंद पडायच्या जरा आधी त्याने उलटवला. खालची बाजू खारकेच्या रंगाची, सगळीकडे सारखी.

तो खाताना पापुद्रा मोडल्याचा आवाज आम्हाला समोर ऐकू आला. त्याने चावणं थांबवलं, पुन्हा चावलं.

"अहो, कसं आहे?" मामीने विचारलं.

"गप्प बस जरा," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "ऐकतोय."

रविवारी पासिर रिसला प्रकाशकाकांनी शेजारच्या शेगडीवर बर्गर लावले होते. मामाने आपल्या निखाऱ्यांवर जाळीऐवजी मामीचा तवा मांडला.

"शाम्या, सँडविच करायला आलास?" काका म्हणाले. "अरे, बर्गरचा धूर लागतो अंगाला, तेव्हा कुठे पुरुषमाणूस वाटतो."

"तुझा धूर तुला लखलाभ," मामा म्हणाला. "मला शांतता पाहिजे."

शांतता मात्र नव्हती. पलीकडच्या जागेत कोणाचा तरी वाढदिवस होता आणि स्पीकरवर हिंदी गाणी दणदणत होती. तव्यावर लोणी विरघळलं आणि मामाने मान तिरकी केली. मग आणखी वाकला. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. उलथणं त्याने अर्धवट माझ्याकडे धरलं होतं. मी ते घेतलं नाही.

"जहाजावर काय करायचास?" मी विचारलं. "तिथे तर याहून गोंगाट."

त्याने मामीच्या टोपलीतून लांब दांड्याचा लाकडी डाव उचलला. त्याचं एक टोक त्याने तव्याच्या कडेला टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं. इंजिनचं बेअरिंग आतून घासतंय का ते ऐकायला ही मंडळी लांब स्क्रूड्रायव्हर असाच लावतात. लाकडातून आवाज येणार, अर्थातच येणार, मला तिथल्या तिथे उड्या माराव्याशा वाटल्या.

प्रकाशकाका हातातला चिमटा तसाच धरून बघत राहिले. "काय रे, बेअरिंग गेलं का?" ते म्हणाले, पण आवाजात चेष्टा नव्हती. ते जवळ आले, मान वाकवून त्यांनीही डावाला कान लावला. मग आणखी दोघं आले. तव्याभोवती पिकल्या केसांच्या इंजिनियरांची रांग लागली.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. आम्हा सगळ्यांना एकदम. मामीने माझा हात घट्ट धरला, आणि झाडून सगळे मामाच्या तव्याकडे बघायला लागले.

मामाला वास आला नव्हता, पण चेहरे दिसले. त्याने घाई केली नाही. डाव पुन्हा कानाला लावला, ऐकलं, आणि उलथण्याने पहिला पॅटी मेल्ट उलटवला. खारकेचा रंग.

"माझा नाही," तो म्हणाला. "प्रकाश, तुझे बघ."