दहाव्याचा शब्द

मृणालीला घरात आल्याआल्या कुणी काही सांगितलं नाही. आधी जेवायला वाढलं. पोरगी पाच महिने जर्मनीत शिकून गडबला, गावी परतलीय, विमानात धड खाल्लं नसेल, म्हणून आईने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण पुढे ठेवलं. मृणालीने दोन भाकऱ्या चेपल्या. बाबा शिफ्टवरून कधी सुटणार, असं तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दत्तात्रेयकाकाने तिला हात धुवून यायला सांगितलं. ती परत येईपर्यंत कपाटामागे दडवलेला हार घातलेला फोटो खिळ्यावर लागला होता. पुंडलिक पाटलांना जाऊन एकोणतीस दिवस झाले होते.

शहाण्यासुरत्या माणसांचं घर हे. सगळं विचार करून केलेलं. रोह्याच्या कंपनीत शटडाऊन आहे, रविवारीसुद्धा ड्युटी आहे, बाबांना फोनवर यायला जमत नाही, असं चार रविवार आई सांगत राहिली आणि मृणाली परीक्षेच्या घाईत मानत राहिली. आता काका म्हणाला, सुतक कधीच फिटलंय, तू डोक्यावरून अंघोळ कर म्हणजे झालं. आईने बंबातलं पाणी काढून दिलं. बापाचं सुतक पोरीच्या वाट्याला एका बादलीएवढं आलं.

घरातल्यांचं रडून झालं होतं, आणि हीच खरी अडचण होती. पहिल्या दिवशी आई तिच्याबरोबर रडली, पण मन लावून नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "किती रडशील गो, आजारी पडशील." दादा, म्हणजे निलेश, परत कामाला जात होता. शेजारची काशीबाई आली ती मृणालीला बघायला. "तिकडं भात मिलतो काय गो? थंडी लय हाय ना?" मृणालीने भाताचं सांगितलं, थंडीचं सांगितलं. बाबांचं कुणी काही काढलं नाही. त्या बोलण्याची पाळी होऊन गेली होती.

मग ती मोबाइलमधले फोटो तारखांप्रमाणे लावत बसायची. बाबा गेले त्या दिवशी ती लायब्ररीत होती. दहाव्याला मैत्रिणींबरोबर बर्फात उभी, लाल टोपी घालून दात काढतेय. तो फोटो तिने घरी पाठवला होता. आईने त्यावर बदाम टाकला होता. ते बघून तिला स्वतःची किळस आली.

"कळवलं का नाय?" तिने आईला विचारलं.

"दहाव्याला कावला पिंडाला शिवत नव्हता," आई म्हणाली. "दोन तास झाले. मंग काका बोलला, पोरीची परीक्षा होऊ दे, तवर तिला कलवत नाय. तवा शिवला. त्यांचीच इच्छा होती गो."

इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीने कावळ्यावर काय विश्वास ठेवायचा! पण तिने ठेवला. रात्री झोप लागायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. बाबांनाच नको होतं, मग आपण आलो नाही यात आपली चूक नाही, एवढं ती घट्ट धरून होती.

ती आल्याच्या नवव्या दिवशी निलेश तिला बाइकवरून रोह्याला घेऊन गेला. कंपनीतल्या लॉकरमधलं बाबांचं सामान आणायचं होतं. गेटवर प्रविणकाका पिशवी घेऊन उभे होते. बावीस वर्षं ते बाबांच्याच शिफ्टला. पिशवीत सेफ्टी शूज, एक टॉवेल, कंगवा. तिला बघून त्यांचे डोळे भरले. परत आल्यापासून तिच्यासमोर आपणहून रडणारं हे पहिलंच माणूस.

"आलीस ते बरं झालं पोरी," ते म्हणाले. "मी होतो ना दहाव्याला. कावला येतच नव्हता. तुझा काका बोलला, परीक्षा होईपर्यंत कलवत नाय, तरी नाय. शेवटी बोलला, मृणालीला आजच फोन करतो, बोलवून घेतो. झाला शब्द, आणि कावला शिवला. तुला तिकीट मिलालं नाय काय लवकर?"

मृणालीने निलेशकडे बघितलं. तो रुमालाने बाइकची सीट पुसत होता, स्वच्छ असलेली सीट.

नागोठण्याच्या अलीकडे तिने त्याला थांबवलं.

"काकानं नंबर लावला होता," निलेश म्हणाला. "आईनं फोन हातातून काढून घेतला. बोलली, बाप गेला, आता तिचं शिक्षण पन जायला नको." मग रुमालाची घडी घालत, "आईला बोलू नको. ती सगल्यांना तसंच सांगते. आता तिला पन तेच खरं वाटतं."

ट्रक जात राहिले. मृणालीला रडूही आलं नाही. बाबांनी बोलावलं होतं, आणि ती लाल टोपीत हसत होती. आता कुणाची माफी मागायची आणि कुणावर ओरडायचं, हे तिला कळेना. ओरडायचं तर आईवर, आणि आईजवळ त्या खोट्याशिवाय उरलं काय होतं?

घरी आईने पिशवीतले शूज बाहेर काढले, पदराने पुसले आणि फोटोखाली ठेवले.

"प्रविण काय बोलला?"

"काय नाय. बाबा चांगले होते, बोलला."

आईने मान हलवली. तिच्या ताटात भात वाढला, वर डाळ घातली.

"पोरीवर जीव होता त्यांचा. म्हणून तर तुला कलवायला नको होतं त्यांना. व्हय ना गो?"

"व्हय," मृणाली म्हणाली, आणि भात कालवायला लागली.