धावणाऱ्यांची वाट

मी पायवाट बोलतेय. शिंप्याच्या दुकानामागून निघून टेकडीला वळसा घालते आणि नदीकाठाने पुन्हा गावात येते, ती. आता जे सांगणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, अगदी गळ्याची शपथ. मला गळा नाही हे तुमच्या लक्षात आलं असेलच, तेव्हा शपथ जरा सैल धरा. पण खोटं बोलायची मला मुळीच सवय नाही. म्हणजे थोडी आहे. सरळ जायचं म्हटलं की मला चैन पडत नाही, त्याला मी काय करू?

माझा जन्म शिंप्याच्या ढेरीमुळे झाला. डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि म्हणाले, "पाय दिवसभर मशीन मारतात, पोट मात्र बसून असतं. उद्यापासून पळायला लागा."

"कुठे पळू?"

"सुरुवातीला माझ्यापासून लांब पळा. पुढचं पुढे बघू."

बाजारातून पळायची शिंप्याला लाज वाटली. ज्यांच्या कमरेची मापं आपण घेतो त्यांनी आपलं पोट हलताना पाहावं, हे त्याला पटेना. म्हणून तो मागच्या दाराने निघाला आणि झुडपांतून टेकडीकडे पळाला. पहिल्या दिवशी गवत नुसतं वाकलं. त्याला वाटलं, आज आलाय, उद्या काही येत नाही. शिंपी दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी शिव्या देत आला. असा आठ महिने आला, तेव्हा कुठे गवताने त्याचा नाद सोडला आणि खालची माती उघडी पडली. ती उघडी पडलेली माती म्हणजे मी.

शिंपी चुकू नये म्हणून फांद्यांना कपड्यांच्या चिंध्या बांधायचा. दुकानात चिंध्यांना तोटा नव्हता. पुढे बेकरीवाला त्याच्याबरोबर यायला लागला, आणि पहिल्याच दिवशी एका झुडपापाशी थबकला.

"काका, ही निळी चिंधी माझ्या पॅंटची ना? कापड जराही उरलं नाही म्हणाला होतात."

"नाहीच उरलं."

"मग हे काय?"

"वाऱ्याचं काम. इकडे वारा फार."

बेकरीवाला एकदा उतारावर एवढ्या जोरात सुटला की त्याची सावली वरच राहिली आणि अर्ध्या तासाने धापा टाकत खाली आली. हे मी स्वतः पाहिलंय. एकदा वादळाने मलाच उचललं आणि माझा असा गुंता केला की शिंप्याला दोन दिवस सुईच्या टोकाने मला सोडवत बसावं लागलं. हे मात्र मी पाहिलेलं नाही, मी गुंत्यात होते.

मग शाळेतले निवृत्त हेडमास्तर आले. ते धावताना पाढे म्हणायचे. सत्तावीसच्या पाढ्याला चढ लागायचा आणि तिथे रोज चुकायचे. आणि सगळ्यांच्या नंतर आल्या पोस्टातल्या बाई.

बाई दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसायच्या. त्या इतक्या हलक्या पायाने धावायच्या की मला गुदगुल्या व्हायच्या. शिंप्याने एकदा विचारलं, "तुला काय गं गरज? तुझं पोट कुठे आहे?"

"पोटासाठी नाही काका. दिवसभर खिडकीतून बाई, बाई, बाई. घरी गेलं की हे हाका मारतात. इथे चाळीस मिनिटं मला कुणी हाक मारू शकत नाही."

शिंपी हसला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून तो तिच्यासाठी दुकानाच्या दारात पाण्याचा तांब्या भरून ठेवू लागला, आणि बायकोला म्हणाला, "पोरगी दमून येते गं."

आता फळीचं सांगते. एका संध्याकाळी हेडमास्तरांचा पाय मुरगळला आणि ते टेकडीमागे बसून राहिले. इकडे बेकरीवाल्याला वाटलं ते घरी गेले, घरच्यांना वाटलं ते बेकरीत बसलेत. अंधार पडता पडता सापडले. शिंप्याने दुसऱ्याच दिवशी दुकानाबाहेर एक फळी ठोकली. तिला सहा खिळे. धावणारे चारच होते, दोन खिळे आशेवर मारले होते. नियम असा, की धावायला निघताना आपल्या घराची किल्ली खिळ्याला अडकवायची आणि परत आलं की काढून न्यायची. किल्लीशिवाय कुणाला घरात शिरता येत नाही, त्यामुळे ती न्यायला कुणी विसरायचं नाही. शिंपी शटर ओढण्याआधी फळीकडे बघणार. किल्ली दिसली की बॅटरी घेऊन निघायचं. फळी रिकामी असली की मोठ्याने म्हणायचं, "सगळे आले."

फारच अक्कलहुशारीची गोष्ट होती. पुढे शिंप्याचा गुडघा गेला, त्याचं धावणं सुटलं, पण फळीकडे बघणं सुटलं नाही. एका पावसाळ्यात तिच्यामुळे बेकरीवालाही सापडला. आधी शिंपी कोण गेलं, कोण आलं ते डोक्यात ठेवायचा. फळी आल्यावर त्याने डोक्याला सुट्टी दिली.

त्या दिवशी बाई साडेपाचला आल्या. खिळ्याला किल्ली अडकवून म्हणाल्या, "काका, निघाले हो."

"जपून. नदीकडची कड भुसभुशीत झालीय म्हणे."

"तुमची वाट मला कशाला पाडतेय?"

बाकी दोघांपैकी कुणी त्या दिवशी आलं नव्हतं. बाई चढ चढून टेकडीमागे गेल्या, तोवर त्यांचा नवरा दुकानात आला. तो लाकडाच्या वखारीत कामाला होता. शिंप्यापुढे एक गिऱ्हाईक अर्धवट शिवलेला कोट घालून उभं होतं आणि शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या.

"काका, हिची किल्ली नेतो. माझी वखारीत राहिली. ट्रकबरोबर माल उतरवायला जायचंय, दोन कपडे घेतो नि लगेच आणून लावतो."

तोंडात टाचण्या असल्यावर माणूस काय बोलणार? शिंपी "हं" म्हणाला.

नवऱ्याने खरंच लगेच आणून लावायचं मनात धरलं होतं. त्याने घरी जाऊन कपडे घेतले, कुलूप लावलं, आणि दारात ट्रकचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. "अरे चल ना, सासरी निघालायस का?" किल्ली खिशात गेली. ट्रक गावाबाहेर गेला, तो दुसऱ्या दिवशीच परत येणार होता.

त्याच सुमाराला नदीकाठाला बाईंचा डावा पाय पडला आणि मी निसटले.

हे सांगताना मला वळण घेता आलं असतं. पावसाने कड पोखरली होती, उंदरांनी बिळं केली होती, पाटबंधारे खात्याची माणसं वाळू उपसून गेली होती. सगळं खरं आहे. पण तिने पाय माझ्यावर टाकला होता आणि मी तो धरला नाही. ती खाली दगडांत पडली. मांडीचं हाड मोडलं. वर चढणं शक्य नव्हतं.

दुकानात कोट उतरला, गिऱ्हाईक गेलं, शिंप्याने मशीनवर कापड टाकलं. बाहेर येऊन फळीकडे बघितलं. सहाही खिळे रिकामे.

"सगळे आले," तो म्हणाला आणि त्याने शटर ओढलं.

आता ऐका. शटर अर्ध्यावर आलं आणि शिंप्याचा हात थांबला. दारात पाण्याचा तांब्या भरलेलाच होता. त्याला टाचण्या आठवल्या, "हं" आठवलं. तो ओरडला, "अगं, पोरगी आली नाही!" आणि सुटला. गेलेला गुडघा घेऊन, लुंगी सावरत, गळ्यात माप घ्यायची टेप घेऊन सुटला. इतक्या वर्षांनी त्याची पावलं माझ्यावर पडली, जड, वेडीवाकडी, आणि मी त्याला कुठेही ठेच लागू दिली नाही. उजेड होता तोवर तो नदीशी पोचला. तिने खालून हात वर केला. त्याने टेपने तिची मांडी बांधली, बेकरीवाल्याला हाका मारून बोलावलं, दोघांनी तिला फळकुटावर घालून नेलं. बाई बऱ्या झाल्या. पुढे त्यांची बदली झाली, नवराही बरोबर गेला. म्हणून आता त्या इथे दिसत नाहीत.

असं झालं.

सध्या माझं विचाराल तर गवत परत आलंय. ते घाई करत नाही, त्याला माहितीय की आता कुणी येत नाही. चढावर काट्यांनी दोन्हीकडून हात मिळवलेत. हेडमास्तर घराच्या गच्चीवर फेऱ्या मारतात, पाढे न म्हणता. बेकरीवाला नदीकडे जाणारा रस्ताच टाळतो. शिंप्याने फळी काढून चुलीत घातली आणि दुकानाच्या मागच्या दाराला बाहेरून विटा लावून घेतल्या. तो मशीनवर बसतो तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसतो. तोंडात टाचण्या धरत नाही, लागतील तेवढ्या उशीत टोचून ठेवतो.

तुम्ही म्हणाल, बाई वाचल्या तर मग एवढं कशाला?

बरोबर आहे तुमचं. बेकरीवाल्याच्या सावलीचं ऐकताना तुम्ही हसलात, आणि जिथे मी खरी थाप मारली तिथे मान डोलावलीत. शिंपी धावला नाही. हे मी रचलं. त्याने शटर पूर्ण ओढलं, तांब्यातलं पाणी झाडाला ओतलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी नवरा खिशात किल्ली घेऊन परत आला, घराला कुलूप पाहून दुकानात आला आणि विचारलं, "काका, ही कुठे गेली?" तेव्हा शिंप्याला आठवलं. तेव्हाही तो धावू शकला नाही, दोघांनी त्याला धरून आणलं. नदीशी आल्यावर तो फक्त बसला. बाईंना जाऊन काही तास झाले होते.

बदली वगैरे काही झालं नाही.

एक गोष्ट राहिली, ती मात्र मी रचलेली नाही. रचता आली असती तर वेगळी रचली असती. बाईंनी पडल्यावर पाच-सहा हाका मारल्या. मग थांबल्या. मला वाटलं शुद्ध गेली. पण नाही, त्या अगदी शांतपणे स्वतःशी बोलत होत्या. "काका आता फळी बघतील. बघितली की निघतील. उगाच ओरडून दमायला नको." असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, लहान मुलाला समजावतात तसं. आवाज जाईपर्यंत म्हणत होत्या.

हे तिथे ऐकणारी मी एकटी होते. अजून मी थोडी उरले आहे, येत्या पावसात तेवढीही उरणार नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी त्या शिंप्याकडे कपडे शिवायला गेलात, आणि त्याने खाली बघत विचारलं, की त्या वाटेवरून कधी गेला होतात का, तर नाही म्हणा. मला कुणी बोलताना ऐकलेलंच नाही म्हणा. तो विश्वास ठेवेल. मी थापाडी आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे.