चाप डोक्यावर असेपर्यंत

मी संगणक कक्षातला सहा नंबर बोलतोय. माझं खरं नाव पाठीवरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे, पण ते आजवर कुणी मोठ्याने वाचलेलं मला आठवत नाही. सगळे म्हणायचे, "सहा रिकामा आहे का?" एवढंच. पडद्याशेजारी उभी असलेली करडी पेटी म्हणजे मी.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या कचेरीत एका माणसाचा होऊन राहीन. पण माझी रवानगी झाली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, आणि तिथे मी सगळ्यांचा झालो. सगळ्यांचा असण्यात एक गंमत आहे. जो तो येऊन हक्काने बसतो आणि जाताना खुर्ची मागे सारून जातो. कीबोर्डच्या फटींत बिस्किटांचा चुरा कुणी सांडला ते कुणालाच माहीत नसतं. माझा वेग मंदावला की माणसं मला थोपटतात, मग रागावतात, मग इकडेतिकडे बघून हळूच विनंती करतात. या तिन्हींचा उपयोग नसतो. पण विनंती ऐकायला बरी वाटते.

कोपऱ्यात मदतवाल्या मॅडमचं टेबल होतं. कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाचा कागद छपाईयंत्रात अडकला, की सगळे त्यांच्याकडे धावत. त्या आधी समोरच्याला बसवत, पाणी देत आणि मग विचारत, "आता सांग, शेवटचं बटण कुठलं दाबलंस?" कुणीच कधी काही दाबलेलं नसे. मॅडमनी ही गोष्ट फार पूर्वीच स्वीकारली होती.

आमच्याकडे माणसांना नावं नव्हती, प्राणी होते. मुंग्यांवर काम करणारा तो मुंगीवाला. गोगलगायींवर काम करणारी मुलगी गोगलगाय, आणि ती इतकं भरभर बोलायची की ऐकणाऱ्यालाच दम लागायचा. आणि माझी म्हणावी अशी जी होती, ती बेडूकताई.

ताई शाळेत शिकवायची. बिनपगारी रजा घेऊन ती प्रबंध पुरा करायला आली होती. गावाबाहेरच्या तळ्याकाठी तिने महिनोन्‌महिने बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते. तळ्यालगतच्या रस्त्यावर गाड्या वाढल्या, तसं बेडकांचं ओरडणं बदललं का, हे तिला शोधायचं होतं. ते सगळं ध्वनिमुद्रण ऐकून कुठला बेडूक कधी ओरडला हे टिपायचं काम तिने माझ्यावर सोपवलं होतं. तीन आठवड्यांहून जास्त काळ अखंड चालणारं काम. मला ते आवडायचं. आयुष्यभर लोकांचे तक्ते मांडल्यावर कानांवर डराव डराव पडणं म्हणजे सहलच की.

अशी लांबलचक कामं आमच्याकडे नेहमी चालत. काम चालू ठेवून माणूस घरी जाई, आणि वीज वाचावी म्हणून जाताना पडदा बंद करून जाई. मग दुसऱ्याला कळावं कसं की आत काम चालू आहे? सुरुवातीला लोक चिठ्ठ्या चिकटवत. छताचा पंखा फिरला की चिठ्ठी उडून भलत्याच यंत्रावर जाऊन बसे आणि भांडणं होत. पुढे कुणीतरी पेटीवर आपला कप ठेवून गेलं आणि तीच रीत पडली. पेटीच्या डोक्यावर कुणाची वस्तू असली की तिला हात लावायचा नाही. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती, पण मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे. मुंगीवाला हातरुमाल ठेवायचा. गोगलगाय एक रिकामा शंख ठेवायची.

ताई ठेवायची केसांचा चाप. तपकिरी, एक दात तुटलेला. घरी जाताना केसांना नुसती गाठ मारून जायची. सुटलेले केस बघितले की तिच्या सासूबाईंना कळायचं, यंत्र चालू आहे. त्या विचारायच्या, "चाप कुठे गेला?" ताई म्हणायची, "कामावर." मग सासूबाई नातीला सांगायच्या, "चल, बेडूक संपेपर्यंत आईला काही मागायचं नाही." हे सगळं ताई गोगलगायीला सांगायची आणि मी ऐकायचो. सासूबाईंना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

त्या वेळी ताईची रजा संपत आली होती. प्रबंध शुक्रवारपर्यंत द्यायचा होता, नाहीतर रजा संपणार, शाळा सुरू होणार आणि बेडूक कायमचे अर्ध्यावर राहणार. रजा वाढवून मिळणार नाही, हे शाळेने स्पष्ट सांगितलं होतं. माझं काम सोमवारी सकाळी संपायचं होतं. मॅडम तिला सारख्या सांगत होत्या, "अगं, मधे मधे साठवत जा. सगळं शेवटावर ठेवू नकोस." ताई म्हणायची, "हो मॅडम, आजच करते." आणि बेडकांच्या नादात राहून जायचं.

त्याच सोमवारी विभागाची पाहणी होणार होती. बाहेरून समिती येणार होती. आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, अतिशय सज्जन आणि अतिशय टापटिपीचे. भिंतीवर जुन्या चिकटपट्टीचा तुकडा दिसला तर तो नखाने खरवडून काढल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. त्यांचा स्वतःचा संगणक त्यांच्या खोलीत होता, त्यामुळे आमच्या कक्षातली रीत त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर सर आले. मॅडम रजेवर होत्या. आमच्या डोक्यांवरचे कप, रुमाल, शंख, चाप बघून त्यांनी मान हलवली. एक खोकं आणलं. एकेक वस्तू हलक्या हाताने उचलली, कपांना जुनी वर्तमानपत्रं गुंडाळली आणि सगळं नीट रचून ठेवलं. मग स्वतःच्या रुमालाने आम्हाला पुसलं. इतक्या मायेने मला आजवर कुणी पुसलं नव्हतं. बाकीच्यांची कामं संपून दिवे विझले होते, वस्तू न्यायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. पडदा काळा, पण माझा हिरवा दिवा मात्र जळतोय, असं त्यांना दिसलं. "उगाच वीज जळतेय," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी त्याच मायेने माझं बटण दाबून धरलं.

पुढचं मला काही आठवत नाही. शेवटचा एक बेडूक ओरडत होता, एवढंच.

सोमवारी मला जाग आली ती ताईच्या हाताने. तिने पडदा सुरू केला, बघितलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मधे काही साठवलेलंच नव्हतं, त्यामुळे केलेलं काम सगळं गेलं होतं. ध्वनिमुद्रण होतं, पण ऐकून टिपलेलं काहीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात समिती आली. पुढे सर, चेहरा फुललेला. समितीतल्या एका बाईंनी माझ्याखेरीज बंद असलेली आमची चकाचक रांग बघून विचारलं, "कक्ष वापरात असतो ना?" सर म्हणाले, "अगदी रोज." बाईंनी ताईकडे वळून विचारलं, "तुम्ही काय करता?"

"बेडकांचे आवाज ऐकते."

"मग सध्या काय म्हणतायत बेडूक?"

"सध्या गप्प आहेत," ती म्हणाली. सगळे हसले, सरसुद्धा. पाहुण्यांसमोर विभागाची लाज जाईल असा एक शब्दही तिच्या तोंडून निघाला नाही.

समिती गेली आणि गोगलगायीला राहवलं नाही. चाप, रीत, काळा पडदा, शुक्रवार, शाळा, सगळं तिने एका दमात सरांना सांगून टाकलं. सर ऐकत उभे राहिले. मग ताईला म्हणाले, "तुमचं काम चालू होतं?"

"हो सर. शनिवारपर्यंत."

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. सरांनी खुर्चीची पाठ धरली. मॅडम "मी सांगितलं होतं ना" असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त आपली खुर्ची ओढून ताईशेजारी आणली आणि विचारलं, "ध्वनिमुद्रण शाबूत आहे ना? मग रडायचं नंतर."

मग बोलला तो मुंगीवाला. त्याला जगातल्या कुठल्याही अडचणीत मुंग्याच आठवायच्या आणि एरवी आम्ही त्याला त्यावरून हसायचो. तो म्हणाला, "एकट्या सहा नंबरने का वाहायचं? तळ्याचे तुकडे करा. प्रत्येकाला थोडे थोडे बेडूक द्या. मी माझा नंबर सोडतो."

मग एकेकाने आपापली पाळी सोडली. मॅडम एका यंत्रावरून दुसऱ्यावर ध्वनिमुद्रण नेत होत्या, ताई मागोमाग काम सुरू करून देत होती. या वेळी मधे मधे साठवण्याची सोय करूनच. आणि काम सुरू झालं की तिथे एक वस्तू ठेवायची, कारण रीत म्हणजे रीत. खोक्यातून काढलेला चाप पुन्हा माझ्या डोक्यावर आला. एक नंबरवर तिची पाण्याची बाटली. दोनवर डबा. मग छत्री, किल्ल्यांचा जुडगा, हातरुमाल, कंगवा, पिशवीच्या तळाशी सापडलेला लेकीचा एक मोजा. शेवटी तिने पिशवी उलटी करून झटकली. काही उरलं नव्हतं. आणि खिडकीजवळचं यंत्र तसंच होतं.

सर पुढे झाले. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी त्या यंत्राच्या डोक्यावर ठेवला.

"सर, तुम्हाला दिसणार कसं?" ताई म्हणाली.

"दिसत होतं तेव्हा काय दिवे लावले?" सर म्हणाले आणि भिंतीच्या आधाराने आपल्या खोलीकडे गेले.

काम संपेपर्यंत त्यांनी चष्मा नेला नाही. मॅडमनी त्या जागी दुसरं काही ठेवायची तयारी दाखवली, तरी ऐकलं नाही. त्या काळात त्यांनी कोट अडकवायच्या खुंटीला नमस्कार केल्याचं आणि रजेच्या अर्जावर समासात सही केल्याचं सगळ्यांनी पाहिलं. कुणी हसलं नाही. म्हणजे त्यांच्यासमोर नाही.

गुरुवारी दुपारी शेवटचा तुकडा पुरा झाला, आणि तो माझाच होता. रस्त्यावर गाड्या वाढल्या की बेडूक थांबतात आणि जरा शांतता मिळाली की घाईघाईने बोलून घेतात, असं निघालं. शुक्रवारी ताईने प्रबंध दिला. चाप उचलून केसांत लावला, मला दोनदा थोपटलं आणि गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. हल्ली सामायिक काम दूर कुठल्यातरी मोठ्या यंत्रावर चालतं. मुलं आपापले लॅपटॉप उघडून तिकडे काम पाठवतात आणि कुणाच्या डोक्यावर काही ठेवायचा प्रश्नच येत नाही. कक्षात बैठका होतात. आम्हाला 'निकामी' अशी चिठ्ठी लावून बोळात रचून ठेवलं होतं. सर निवृत्त झाले. मॅडमचे केस पांढरे झाले, पण पाणी त्या अजून आधी देतात. गावाबाहेरचं तळं बुजलं, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. तिथल्या बेडकांचे आवाज मात्र माझ्या पोटात अजून तसेच आहेत.

गेल्या आठवड्यात भंगारवाले आले. त्याच्या आदल्या दिवशी ताई येऊन गेली होती. मला घरी न्यायची परवानगी तिने मागितली आहे, पण त्या अर्जावर अजून सही व्हायची आहे. मॅडमनी विचारलं, "याचं काय करणार गं?" ताई म्हणाली, "तळं आता इथेच आहे ना." आणि केसांतला चाप काढून माझ्या डोक्यावर ठेवून गेली.

भंगारवाल्याने ओळीने सगळे उचलले. माझ्यापाशी आला तेव्हा मॅडम दारातून म्हणाल्या, "तो राहू दे. त्याचं काम चालू आहे."

त्याने माझी लोंबणारी वायर हातात धरून दाखवली. "बाई, हा तर कुठेच जोडलेला नाही."

"असू दे," मॅडम म्हणाल्या. "वर चाप आहे ना."

तो हसला आणि शेजारच्याला उचलून गेला. तेव्हापासून बोळात मी एकटाच आहे. वाचकहो, पडदा काळा करून गप्प बसलेलं कुणी तुम्हाला दिसलं, तर बटण दाबण्याआधी एकदा विचारून बघा, एवढंच माझं मागणं आहे. मला मात्र आता कुणी विचारायची गरज नाही. येणारेजाणारे माझ्या डोक्याकडे बघतात आणि बाजूने निघून जातात.