शुक्रवारचं गिऱ्हाईक

ग्रीसमधल्या पात्रास बंदराच्या मागच्या गल्लीत स्तामातीसचं सिनेमे भाड्याने द्यायचं दुकान होतं. एके काळी शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. मग घरोघरी इंटरनेट आलं, बटण दाबलं की हवा तो सिनेमा टीव्हीवर दिसू लागला, आणि दुकान ओस पडलं. तरी स्तामातीस छाती काढून सांगायचा, "जाणकार माणसं अजून माझ्याकडेच येतात."

त्या जाणकारांत पहिला लेफ्तेरीस. स्तामातीसच्या लग्नात तिथल्या रीतीप्रमाणे नवरानवरीच्या डोक्यावर मुकुट चढवायचा जिवलग मित्राचा मान त्यालाच होता. तेव्हापासून दोघं भावासारखे. शुक्रवारी तो सिनेमा न्यायचा, सोमवारी परत आणायचा.

एका सोमवारी डबी टेबलावर ठेवत तो म्हणाला, "झकास होता रे. शेवटी तर डोळ्यांत पाणी आलं."

स्तामातीसने डबी उघडली, तर आत काहीच नाही. तबकडी दुकानातल्या यंत्रातच राहून गेली होती.

"कोण मेलं शेवटी?" त्याने विचारलं.

"तो... म्हातारा."

"विनोदी सिनेमा होता तो, लेफ्तेरीस."

लेफ्तेरीस स्टुलावर टेकला. "पोरीने वर्षापूर्वीच टीव्हीला सगळं जोडून दिलंय."

"मग इथे झक मारायला येतोस?"

"वहिनी म्हणाली, येत जा. भाडंही तीच द्यायची."

स्तामातीस तडक घरी गेला. त्याची बायको फोतिनी शेंगा सोलत होती. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"दुकान बंद पडलं असतं तर दिवसभर कुठे बसला असतास? माझ्या डोक्यावर?"

"आणखी कोणाला पाठवायचीस?"

"आणखी दोघांना."

त्याने बोटांवर मोजलं. गेल्या हिवाळ्यापासून दुकानात येत होती ती तीनच माणसं.

महिन्याभरात त्याने दुकान रिकामं केलं. सिनेमे कोणी फुकटही नेईना, शेवटी भंगारात गेले. संध्याकाळी फोतिनी टीव्ही लावून हाक मारायची, "ये ना, चांगला लागलाय." तो बाल्कनीतच बसून राहायचा.

त्याच्या नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, लेफ्तेरीस मिठाई घेऊन आला. फोतिनीने दारातच सांगितलं, तो झोपलाय.

आतल्या खोलीत स्तामातीस टक्क जागा होता.