टेलरच्या दारातला ज्युनिपर

मित्रांनो, मला ओळखलंत का? नाही? मग जरा हात लावून बघा. टोचलो ना! तोच मी, ज्युनिपर. निळसर हिरवं, बुटकं, पण रुबाबदार झुडूप. वयाने जुना आहे, पण म्हातारा म्हणाल तर खबरदार!

रोपवाटिकेत एका फांदीच्या काडीतून माझा जन्म झाला. भुसभुशीत, वाळूमिश्रित माती, डोक्यावर ऊन आणि पाणी बेताचं. आम्हां ज्युनिपरांना याहून जास्त काही लागतच नाही. एके दिवशी एका टेलरने मला विकत घेतलं आणि मोठ्या कुंडीत लावून दुकानाच्या पायरीवर ठेवलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आत मशीनची खडखड, इस्त्रीची वाफ, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे. आणि दारात मी! नवा कोट घालून बघणारी माणसं आधी आरशासमोर उभी राहत आणि मग माझ्याशेजारी फोटो काढून घेत. माझी छाती कशी फुगायची म्हणून सांगू!

पण लाडाचंही कधीकधी ओझं होतं. मास्तर सकाळी दुकान उघडताच मला पाणी घालत. दुपारी काजं-बटणं करणारी त्यांची बहीण घाली. संध्याकाळी मास्तरांची मुलगी शाळेतून आली की तीही घाली. तिला घरात बटण म्हणत, कारण ती लहानपणी बटण गिळता गिळता वाचली होती. शिवाय गिऱ्हाइकांच्या पेल्यांत उरलेलं पाणीही माझ्याच पोटात! कुणी कुणाला विचारत नसे. प्रत्येकाला वाटे, या बिचाऱ्याकडे आपणच काय ते बघतो.

हळूहळू माझे शेंडे तपकिरी झाले. "तहानलंय हो," असं म्हणून बहिणीने आणखी एक तांब्या ओतला. मी आणखी सुकलो. लोक फोटो काढायचे थांबले. शेवटी मास्तरांनी ठरवलं, "रविवारी नवा पुतळा येतोय. त्याला सूट घालून दारात उभा करू. हे झुडूप टाकून द्या." माझ्या मुळांखालची माती सरकली, मित्रांनो!

पण बटण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, रविवारपर्यंत हे माझं. आजारी माणसाला कुणी न तपासता टाकून देतं का?"

"डॉक्टरीणबाई, आधी गणिताचा पेपर तपासून आणा," आत्या आतून म्हणाली.

बटणने मनावर घेतलं नाही. तिने अस्तराचा पांढरा तुकडा माझ्या फांदीखाली धरला आणि फांदी झटकली. पानांचा रस शोषणारे कोळी-किडे असते तर कापडावर बारीक ठिपके चालताना दिसले असते. पडली ती नुसती धूळ. मग तिने नखाने माझी साल किंचित खरवडली. आत हिरवं! ती ओरडलीच, "जिवंत आहे!" मग तिने मातीत बोट खुपसलं, बाहेर काढून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. चिखल, आणि वर आंबूस वास.

"आत्या, आज तू पाणी घातलंस?"

"घातलं की."

"मीही घातलं," मास्तर म्हणाले.

"पण इतकं पाणी खालून गळत कसं नाही?" बटणने विचारलं.

आत्या हसत म्हणाली, "गळेल कसं? कुंडीच्या भोकात मीच चिंध्या कोंबल्यात. पायरीवर चिखल व्हायचा आणि नव्या पँटींच्या मोहऱ्या घाण व्हायच्या!"

मग तिघांनी मिळून मला आडवा केला. बटणने बोट घालून चिंध्यांचा बोळा ओढला आणि काय सांगू! भसाभसा काळं पाणी वाहिलं. किती दिवसांनी मी श्वास घेतला!

कुजून मऊ पडलेली मुळं तिने कापली, टणक मुळं राखली. नवी माती वाळू मिसळून भरली. मास्तर मोठी कात्री घेऊन धावले, "थांब, याला छान मापात कापतो." तिने त्यांचा हात धरला. "बाबा, हे कापड नाही. पानं नसलेल्या जुन्या लाकडाला याचे कोंब परत फुटत नाहीत. नुसतं वाळलेलं काढायचं. हिरवं आलं की कात्री थांबली पाहिजे." आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणारे मास्तर मुलीचं ऐकून हळूहळू कात्री चालवू लागले. मग मला पायरीवरच, पण उन्हाच्या बाजूला ठेवलं.

रविवारी पुतळा आला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या पुतळ्याला आत घ्या. दारात जागा नाही."

मित्रांनो, त्या वाक्याने मला जी ताकद दिली, ती कुठल्या खतात असेल! लगेच नाही, पण नव्या पालवीचा हंगाम आला तेव्हा माझ्या शेंड्यांना कोवळे, निळसर कोंब फुटले. गिऱ्हाइकं पुन्हा माझ्याजवळ रेंगाळू लागली. मास्तर प्रत्येकाला सांगतात, "हात लावू नका, टोचतो. आमच्या डॉक्टरीणबाईंचा पहिला पेशंट आहे."

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. आमच्यावर माया जरूर करा, पण पाणी ओतण्याआधी मातीत बोट घाला. ओली लागली तर तांब्या खाली ठेवा. शेंडे सुकले की लगेच तहान समजू नका. फांदी झटका, साल बघा, मुळांची चौकशी करा. आणि कुणी म्हणालं, "आता टाकून द्या," तर तुम्हीही कमरेवर हात ठेवून उभे राहा. आतून आम्ही हिरवे असतो!